इंग्लंडांतील शेजारवैरें

मनुष्य दूरच्याशीं सहसा भांडत नाहीं. भांडावयास त्याला शेजार लागतो. आमच्या भाषेंत 'भाऊबंदकी' हा शब्द रूढ झाला तो उगाच नव्हे. शेताचा बांध कोरणारा नेहमीं शेजारीच असतो. परगांवचा कोणी त्यासाठीं कुदळ घेऊन येत नाहीं. तथापि ही खोड केवळ आपल्याच मातीची आहे असें आपल्यांपैकीं पुष्कळांस वाटतें. इंग्रज म्हटला म्हणजे तो एकजिनसी, एकविचारी व शिस्तीचा, अशी जी समजूत शाळेंतील इतिहासाच्या पुस्तकांवरून आपण करून घेतों, ती त्या देशाच्या शेजारशेजारच्या गांवांची थोडी माहिती होतांच ढळूं लागते. पळसाला पानें तीनच. मग तो पळस टेम्स नदीच्या कांठचा कां असेना.

इंग्लंडचे जुने परगणे एकोणचाळीस. त्यांस तेथें काउंटी म्हणतात. प्रत्येकाची बोली निराळी, खाणें निराळें, थट्टेचे विषय निराळे. आणि बहुतेकांस एक तरी शेजारी असा कीं, ज्याचें नांव निघतांच कपाळास आठी पडावी. ह्या वैरांविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, हा शुद्ध पोरखेळ आहे, सुधारलेल्या राष्ट्रास शोभत नाहीं, तो जितक्या लवकर नाहींसा होईल तितकें बरें. दुसरा पक्ष म्हणतो, हा पूर्वजांनीं रक्त सांडून मिळविलेला वारसा आहे, त्याला धक्का लावाल तर खबरदार! आम्हांस दोन्ही मतें मान्य नाहींत. वैर राहूं द्यावें. परंतु त्याची जी खोटी वंशावळ ठिकठिकाणीं सांगण्यांत येते, ती मात्र टाकून द्यावी, असें आमचें म्हणणें आहे. तें कां, हें उदाहरणांवरूनच सांगणें सोयीचें होईल.

सर्वांत प्रसिद्ध जोडी यॉर्कशायर व लँकाशायर यांची. पेनाइन नांवाच्या डोंगरांच्या रांगेच्या पूर्वेस यॉर्कशायर व पश्चिमेस लँकाशायर. पहिल्याचें चिन्ह पांढरा गुलाब, दुसऱ्याचें तांबडा. एखाद्या यॉर्कशायरकरास विचारावें कीं, बाबा रे, ह्या शेजाऱ्यावर तुझा एवढा राग कां, तर तो बहुधा पंधराव्या शतकाकडे बोट दाखवील. यॉर्कचें घराणें व लँकेस्टरचें घराणें यांच्यांत १४५५ पासून १४८७ पर्यंत राजमुकुटासाठीं जें यादवी युद्ध झालें, त्याचेंच हें शेपूट, असें तो सांगेल. ऐकावयास हें मोठें भारदस्त वाटतें. अडचण इतकीच कीं, तें खरें नाहीं.

तें युद्ध दोन राजघराण्यांचें होतें, दोन परगण्यांचें नव्हतें. 'यॉर्कचा ड्यूक' ही एक पदवी. ती धारण करणाऱ्याच्या जमिनी बहुतांशीं दक्षिणेकडे व वेल्सच्या सीमेवर होत्या. उलट यॉर्कशायरांतील कित्येक मोठे सरदार लँकेस्टरचे पक्के अभिमानी. स्किप्टनच्या किल्ल्याचा धनी लॉर्ड क्लिफर्ड हा यॉर्कशायरचाच, आणि तो मेला तो लँकेस्टरसाठीं लढतां लढतां. १४६० च्या डिसेंबरांत वेकफील्डच्या लढाईंत यॉर्कचा ड्यूक रिचर्ड पडला, तेव्हां त्याचें शिर कागदाचा मुकुट घालून टांगण्यांत आलें. तें कोठें, तर खुद्द यॉर्क शहराच्या वेशीवर! पुढें तीन महिन्यांनीं, २९ मार्च १४६१ रोजीं, टाउटन येथें भर हिमवर्षावांत जी घनघोर लढाई झाली, आणि जी इंग्लंडच्या भूमीवरील अत्यंत रक्तपाती लढायांत गणली जाते, तीहि यॉर्कशायरांतच. तींत ड्यूकचा मुलगा एडवर्ड विजयी झाला. त्यानें यॉर्क शहरांत शिरून बापाचें शिर खालीं उतरविलें व त्या जागीं शत्रुपक्षाच्या सरदारांचीं शिरें लाविलीं. ज्या शहराचें नांव घेऊन आज छाती फुगविली जाते, त्या शहराच्या वेशीनें दोन्ही पक्षांचीं मस्तकें सारख्याच निर्विकारपणें वागविलीं.

गुलाबांचीहि कथा अशीच. पांढरा गुलाब हें यॉर्क घराण्याच्या अनेक चिन्हांपैकीं एक होतें. त्याच घराण्याचा तिसरा रिचर्ड राजा स्वतःचें चिन्ह म्हणून पांढरा रानडुक्कर मिरवीत असे. तांबड्या गुलाबास खरें महत्त्व आणलें तें सातव्या हेन्रीनें, आणि तेंहि १४८५ सालीं लढाई जिंकून गादीवर बसल्यावर. पुढल्या वर्षीं त्यानें यॉर्क घराण्याच्या एलिझाबेथशीं विवाह केला, व दोन गुलाब एकमेकांत बसवून एकच गुलाब केला. म्हणजे हीं दोन फुलें समोरासमोर उभीं केलीं गेलीं तीं मुळीं समेट दाखविण्यासाठीं. आणि 'गुलाबांचीं युद्धें' हें नांव लोकांच्या तोंडीं बसलें तें सर वॉल्टर स्कॉट यांच्या १८२९ सालच्या एका कादंबरीनंतर. लढणाऱ्यांपैकीं कोणासहि आपण गुलाबांचें युद्ध लढत आहों याची वार्ता नव्हती.

मग हें वैर आलें कोठून? आमच्या मतें तें गिरण्यांतून आलें. एकोणिसाव्या शतकांत लँकाशायरांत कापसाच्या व यॉर्कशायरांत लोकरीच्या गिरण्या उभ्या राहिल्या. खेड्यांचीं शहरें झालीं. आगगाडीनें डोंगर ओलांडला. १८५० च्या कायद्यानें गिरण्यांतील बायकामुलांस शनिवारीं दुपारीं दोननंतर सुटी मिळूं लागली, व हळूहळू पुरुषांसहि ती मिळाली. हातांत थोडा वेळ, खिशांत थोडे पैसे, आणि डोंगरापलीकडे हुबेहूब आपल्यासारखाच एक मनुष्य: तशीच गिरणी, तसाच धूर, तसाच पाऊस, तसाच बोलण्यांतील फटकळपणा. अशा माणसाशीं स्पर्धा करावयाची नाहीं तर कोणाशीं करावयाची? १८४९ सालीं शेफील्ड येथें दोन परगण्यांत पहिला क्रिकेटचा सामना झाला. १८६३ सालीं यॉर्कशायरचा व १८६४ सालीं लँकाशायरचा क्लब निघाला. त्यांच्या सामन्यास पुढें 'गुलाबांचा सामना' म्हणूं लागले. असें जुनें युद्ध क्रिकेटच्या मैदानासाठीं उसनें आणलें गेलें; पण उसनें आणलेलें भांडें दोन पिढ्या घरांत राहिलें म्हणजे तें आजोबांचेंच वाटूं लागतें.

ह्या सामन्यांची कीर्ति नेव्हिल कार्डस यांच्या लेखांनीं सर्वत्र पसरविली. ते मँचेस्टरचे, अर्थात् एका पक्षाचे. परंतु ते यॉर्कशायरच्या खेळाडूंवर ज्या प्रेमानें लिहीत, त्यावरून प्रतिस्पर्ध्यास मनुष्य किती बारकाईनें ओळखतो हें कळून येतें. आमच्या विद्यार्थी वाचकांपैकीं ज्यांनीं दुसऱ्या शाळेच्या संघाशीं वर्षानुवर्षें सामने खेळले आहेत, त्यांस हें निराळें सांगावयास नको. स्वतःच्या वर्गांतील मुलांचीं नांवें विसरतील, पण पलीकडच्या शाळेच्या डावखुऱ्या गोलंदाजाचें नांव विसरणार नाहींत.

यॉर्कशायरनें ह्या अभिमानास एक विलक्षण नियम जोडला होता. ज्याचा जन्म परगण्याच्या हद्दींत झाला असेल त्यानेंच परगण्याकडून खेळावें! लिहून ठेवलेला असो वा नसो, हा दंडक पिढ्यान् पिढ्या पाळला गेला. गंमत अशी कीं, ज्या लॉर्ड हॉक यांनीं १८८३ पासून १९१० पर्यंत यॉर्कशायरचें नायकत्व केलें, त्यांचा स्वतःचा जन्म लिंकनशायरांतला. नायकाच्या जन्मगांवाची चौकशी कोण करणार? नियम सामान्यांसाठीं असतात, हें तत्त्व आपल्याकडेच चालतें असें नाहीं. इतर परगणे बाहेरचे नामांकित खेळाडू घेऊन पुढें गेले. यॉर्कशायर मात्र १९६८ चें अजिंक्यपद मिळविल्यावर तेहतीस वर्षें त्यावांचून राहिला.

शेवटीं १९९२ सालीं हा दंडक मोडला, आणि येथें आमच्या मराठी वाचकांची कळी खुलेल. परदेशांतून आलेला यॉर्कशायरचा पहिला खेळाडू व्हावयाचा होता तो ऑस्ट्रेलियाचा क्रेग मॅक्डरमॉट. तो दुखापतीमुळें येऊं शकला नाहीं, आणि त्याच्या जागीं मुंबईचा एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर गेला. ज्या संघांत डोंगरापलीकडचा, दहा मैलांवरचा इंग्रज चालत नव्हता, तेथें सात समुद्रांपलीकडचा बांद्र्याचा मुलगा पांढरा गुलाब छातीवर लावून खेळला, व त्या एका मोसमांत त्यानें हजारावर धावा केल्या. दुसऱ्या पक्षाची फळी मुंबईनें त्यापूर्वींच भरून ठेवली होती. फरोख इंजिनियर हे १९६८ पासून १९७६ पर्यंत लँकाशायरचे यष्टिरक्षक होते, आणि १९७०, १९७१ व १९७२ अशीं लागोपाठ तीन वर्षें त्या संघानें जिलेट चषक जिंकला. इंजिनियर पुढें तेथेंच स्थायिक झाले. पांढऱ्या व तांबड्या दोन्ही गुलाबांस मुंबईचें पाणी मिळालें, आणि दोहोंपैकीं एकहि कोमेजला नाहीं.

परंतु ह्या नियमाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, नाहीं तर आम्ही केवळ करमणूक केली असें होईल. जन्म हीच जर पात्रता, तर ब्रॅडफर्ड, लीड्स इत्यादि शहरांत जन्मलेल्या दक्षिण आशियाई वंशाच्या मुलांस तो दरवाजा आपोआप उघडा असावयास हवा होता. त्यांचा जन्म हद्दींतलाच होता. तरीहि अशा मुलास मुख्य संघांत स्थान मिळावयास एकविसावें शतक उजाडावें लागलें. आणि २०२१ सालीं त्या क्लबांतील वंशभेदाच्या तक्रारी संसदेच्या समितीपुढें गेल्या. 'आमचा' कोण, हें ठरविणारी रेघ नकाशावर एका जागीं व मनांत दुसऱ्या जागीं काढलेली असते. शेजाऱ्याशीं चाललेली थट्टा पुष्कळदां निरुपद्रवी असते. पण ती करतांना 'आपण' म्हणजे कोण याची जी मोजणी चालते, ती तितकी निरुपद्रवी असेलच असें नाहीं.

आतां थोडें हलक्या विषयाकडे वळूं. शेजारगांवास मूर्ख ठरविणाऱ्या कथा सर्व देशांत आहेत, इंग्लंडांत तर त्यांचें पीकच आहे. नॉटिंगहॅमशायरांत गॉथम नांवाचें गांव आहे. तेथल्या लोकांनीं म्हणे कोकिळेस उडूं न देण्यासाठीं तिच्याभोंवतीं कुंपण घातलें. ही कथा शेजाऱ्यांची. गॉथमकरांची कथा निराळी. ते म्हणतात, जॉन राजा आमच्या गांवावरून जाणार होता. राजा ज्या वाटेनें जाई ती वाट राजमार्ग होऊन तिचा खर्च गांवाच्या गळ्यांत पडे. म्हणून आम्हीं वेडाचें सोंग घेतलें, व राजाचे दूत आल्या पावलीं परत गेले. विल्टशायरच्या लोकांस 'चंद्र ओढणारे' म्हणतात, कारण ते तळ्यांतील चंद्राचें प्रतिबिंब दांताळ्यानें ओढूं लागले होते. विल्टशायरकर सांगतात, तळ्यांत आमचीं चोरट्या दारूचीं पिंपें होतीं, जकातीचे शिपाई आले, आम्ही चंद्र ओढतों असें सांगितल्यावर ते हंसत निघून गेले. आतां मूर्ख कोण? एकच कथा, वेशीच्या ह्या अंगास तिचा नायक गाढव, त्या अंगास बिरबल. (वॉशिंग्टन अर्व्हिंग यांनीं १८०७ सालीं न्यूयॉर्क शहरास थट्टेनें 'गॉथम' म्हटलें, तें ह्याच गांवावरून. न्यूयॉर्ककरांनीं तें नांव अभिमानानें पत्करलें.)

ह्या सर्वांवर ताण केली ती हार्टलपूलच्या लोकांनीं. ईशान्य किनाऱ्यावरील ह्या गांवाविषयीं अशी दंतकथा आहे कीं, नेपोलियनच्या काळीं एक फ्रेंच जहाज फुटलें, त्यांतून गणवेष घातलेलें एक माकड तेवढें जिवंत किनाऱ्यास लागलें, आणि तेथल्या कोळ्यांनीं तें फ्रेंच हेर समजून रीतसर चौकशी करून फांसावर चढविलें. ह्या प्रकारास समकालीन पुरावा कांहीं नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एका गाण्यानें ती सर्वतोमुखी झाली. शेजारच्या डार्लिंग्टनच्या लोकांनीं सामन्यांच्या वेळीं 'माकड कोणीं टांगलें?' म्हणून ओरडण्याचा प्रघात पाडला. हार्टलपूलकर किती दिवस चिडणार? त्यांनीं आपल्या फुटबॉल क्लबासाठीं माकडाचेंच सोंग तयार केलें. आणि २००२ सालीं त्या सोंगांत वावरणारा स्टुअर्ट ड्रमंड हा तरुण नगराध्यक्षाच्या निवडणुकीस उभा राहून, शाळेंतील मुलांस फुकट केळीं देण्याचें वचन देऊन, चक्क निवडून आला. २००५ व २००९ सालीं लोकांनीं त्यास पुन्हां निवडलें. केळीं मात्र वचनांतच राहिलीं, असें म्हणतात. शिवीस उत्तर देण्याचे जे अनेक मार्ग आहेत त्यांत हा आम्हांस फार सुंदर वाटतो.

डेव्हन व कॉर्नवॉल ह्या दोन परगण्यांमध्यें टेमार नदी वाहते. त्यांचा कलह असा कीं, दुपारच्या चहाबरोबर स्कोन नांवाचा जो लहान गोड पाव खातात, त्यावर आधीं घट्ट साय लावावी कीं आधीं मुरंबा? डेव्हनकर आधीं साय लावतो, कॉर्नवॉलकर आधीं मुरंबा. २०१८ सालीं कॉर्नवॉलांतील एका जुन्या वाड्याच्या जाहिरातींत चुकून साय खालीं दिसली, तेव्हां लोक इतके संतापले कीं व्यवस्थापकांस क्षमा मागावी लागली. पोटांत गेल्यावर दोन्ही एकच होतें, हें कोणी सांगूं नये. सांगितलें तर दोन्ही परगणे मिळून सांगणाऱ्यावर धांवून येतील. अशा भांडणावर आमचा कांहींच आक्षेप नाहीं. किंबहुना सर्व भांडणें सायीमुरंब्याचींच व्हावीं, अशी आमची इच्छा आहे.

पण सर्व भांडणें तशीं नसतात. पुष्कळ ठिकाणीं मुळाशीं पैसा असतो. न्यूकॅसल व संडरलंड ह्या दहाबारा मैलांवरच्या दोन बंदरांत कोळशावरून चुरस होती. एलिझाबेथ राणीनें १६०० सालीं न्यूकॅसलच्या व्यापाऱ्यांस टाइन नदीवरील कोळशाच्या व्यापाराची सनद दिली. वेअर नदीवरचें संडरलंड तें पाहत राहिलें. पुढें १६४२ सालीं राजा व संसद यांच्यांत युद्ध पेटलें, तेव्हां न्यूकॅसल राजाकडे व संडरलंड संसदेकडे. आज फुटबॉलच्या मैदानावर तें युद्ध आठवलें जातें. कोळशाची सनद कोणी आठवीत नाहीं. राजनिष्ठा व स्वातंत्र्य यांच्यासाठीं पूर्वज भांडले असें सांगणें, जकातीसाठीं भांडले म्हणण्यापेक्षां केव्हांहि शोभिवंत.

लिव्हरपूल व मँचेस्टर यांच्या कलहांत तर आपल्या मुंबईचाहि धागा आहे. कापूस जहाजांतून लिव्हरपुलास उतरे व तेथून मँचेस्टरच्या बाजारांत व भोंवतालच्या गिरण्यांत जाई. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी चालली असतां तेथला कापूस बंद पडला, लँकाशायरचे गिरणीकामगार उपाशी मरूं लागले, आणि तिकडची तूट भरण्यास मुंबईहून कापसाचे गठ्ठे निघाले. त्या सोन्याच्या पावसांत मुंबईंत काय काय उभें राहिलें व १८६५ सालीं काय काय कोसळलें, हें येथें सांगत बसण्याचें कारण नाहीं. ते गठ्ठे ज्या धक्क्यावर उतरत तेथें लिव्हरपूल पट्टी घेई, व पुढें रेल्वे कंपन्या भाडें घेत. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांस हें डाचूं लागलें. समुद्रापासून इतक्या आंत वसलेल्या शहरानें मग असें ठरविलें कीं, समुद्रच आपल्या दारीं आणावा! १८८२ सालीं ही कल्पना नेटानें पुढें आली. लिव्हरपुलानें संसदेंत कडाडून विरोध केला. विधेयक दोनदां पडलें व तिसऱ्या खेपेस, १८८५ सालीं, पार पडलें. छत्तीस मैलांचा कालवा खणून १८९४ सालीं जहाजें थेट मँचेस्टरास लागूं लागलीं.

त्याच १८९४ सालीं, एप्रिल महिन्यांत, लिव्हरपूलच्या फुटबॉल संघानें न्यूटन हीथ नांवाच्या संघास २-० असें हरवून खालच्या वर्गांत ढकललें. हा न्यूटन हीथ म्हणजेच पुढला मँचेस्टर युनायटेड. लोक सांगतात कीं, त्या क्लबाच्या चिन्हावर जें जहाज आहे तें कालव्याच्या विजयाची खूण, लिव्हरपुलाच्या नाकावर टिच्चून काढलेली. वस्तुतः मँचेस्टर शहराच्या मानचिन्हांत जहाज आलें तें १८४२ सालीं, कालव्याच्या बावन्न वर्षें आधीं. येथेंहि वंशावळ मागाहून लिहिली गेली आहे. वैर किती लवचीक असतें याचा पुरावा हवा असल्यास १९१५ सालचा पाहावा. त्या वर्षींच्या एप्रिलांत ह्याच दोन संघांच्या कांहीं खेळाडूंनीं संगनमत करून सामना आधींच ठरवून ठेविला, व निकालावर पैजा लावून पैसे मिळविले. सात जणांस खेळण्यास कायमची बंदी झाली. प्रेक्षक गळे फाडून भांडत होते, आणि खेळाडू आपसांत वांटणी करीत होते!

इथपर्यंत हंसण्यासारखें आहे. यापुढचें नाहीं. ६ फेब्रुवारी १९५८ रोजीं म्यूनिकच्या विमानतळावर मँचेस्टर युनायटेडचें विमान कोसळलें. तेवीस माणसें मेलीं, त्यांत आठ तरुण खेळाडू होते. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या चाहत्यांची चेंगराचेंगरी झाली. तिनें शेवटीं सत्याण्णव बळी घेतले. ह्या दोन दुःखांचें स्मरण दोन्ही शहरांनीं मिळून करावें असें कोणाहि समंजस मनुष्यास वाटेल. प्रत्यक्षांत काय झालें? लिव्हरपूलच्या कांहीं प्रेक्षकांनीं म्यूनिकच्या मृतांवर, व मँचेस्टरच्या कांहीं प्रेक्षकांनीं हिल्सबरोच्या मृतांवर गाणीं रचलीं, आणि तीं हजारों लोकांत, मृतांच्या आप्तांच्या कानांवर पडतील अशीं, वर्षानुवर्षें म्हटलीं. २०२३ सालच्या मार्चमध्यें दोन्ही संघांच्या व्यवस्थापकांस हीं गाणीं थांबवा अशी एकत्र विनंति करावी लागली, इतकी मजल गेली होती.

हें कसें झालें? आमच्या मतें ह्याचें मूळ त्या खोट्या वंशावळींत आहे. आपलें वैर खेळापुरतें आहे, कालपरवांचें आहे, आपणच तें हौसेनें बांधलें आहे, हें ज्याला ठाऊक असतें तो सामना संपल्यावर तें खाली ठेवूं शकतो. परंतु हें वैर रक्तांतलें आहे, पूर्वापार आहे, पलीकडचा मनुष्य आपल्याहून जातीनेंच निराळा आहे, असें एकदां मनानें घेतलें म्हणजे त्याच्या घरचें प्रेतहि थट्टेचा विषय होतें. म्यूनिकच्या विमानांत युनायटेडचे व्यवस्थापक मॅट बझ्बी होते. ते मरणाच्या दारांतून परत आले. तेच बझ्बी तरुणपणीं कोणाकडून खेळले? आधीं मँचेस्टर सिटीकडून, आणि मग लिव्हरपुलाकडून! हीं गाणीं म्हणणाऱ्या लिव्हरपूलकरांपैकीं कितींना ठाऊक होतें कीं, आपण आपल्याच एका जुन्या खेळाडूच्या दुःखावर गात आहों?

ह्याच्या उलट चित्रहि त्याच शहरांत आहे. एव्हर्टन व लिव्हरपूल हे एकाच गांवचे दोन क्लब. मूळ एकच होता. १८९२ सालीं ॲनफील्ड मैदानाच्या भाड्यावरून तंटा होऊन एव्हर्टन निघून गेला, आणि रिकाम्या मैदानावर मालकानें दुसरा क्लब काढला, तो लिव्हरपूल. म्हणजे ही शुद्ध भाऊबंदकी. त्या वेळीं दोन्ही मैदानांच्या मध्यें स्टॅन्ली पार्क नांवाची एक बाग तेवढी होती. हिल्सबरोच्या घटनेनंतर आठवड्याभरांत लोकांनीं निळ्या व तांबड्या गळपट्ट्या एकमेकींस गांठी मारून ह्या मैदानापासून त्या मैदानापर्यंत, बागेंतून, सुमारें मैलभर लांबीची माळ नेली. त्यानंतर दोन संघांचे सामने कांहीं सौम्य झाले नाहींत. पूर्वीइतक्याच त्वेषानें चालले. व्हावेत तेहि असेच.

तेव्हां पहिल्या पक्षाचें, म्हणजे हीं वैरें पुसून टाकावींत म्हणणारांचें, काय? त्यांस एकदां संधि मिळाली होती. १९७२ च्या कायद्यानें १ एप्रिल १९७४ पासून इंग्लंडचे परगणे नव्यानें आंखण्यांत आले. सोयीच्या दृष्टीनें तें योग्यहि असेल. रटलंड हा सर्वांत लहान परगणा लेस्टरशायर ह्या शेजाऱ्याच्या पोटांत घालण्यांत आला. तेथील लोक तेवीस वर्षें कुरकुरत राहिले, आणि १९९७ सालीं त्यांनीं आपला स्वतंत्र कारभार परत मिळविला. पेनाइनच्या पश्चिम उतारावरील सॅडलवर्थचीं गांवें यॉर्कशायरांतून काढून मँचेस्टरच्या नव्या परगण्यांत ओल्डहॅमला जोडण्यांत आलीं. पाणी पश्चिमेस वाहतें, रस्ते पश्चिमेस जातात, नोकऱ्याहि पश्चिमेस. सर्व हिशेब बरोबर होता. तरी तेथें अद्याप पांढऱ्या गुलाबाचीं निशाणें लागतात, आणि दर १ ऑगस्टला 'यॉर्कशायर दिन' साजरा होतो. लोकांस भाडेपट्टा बदलतां येतो, शेजारी बदलतां येत नाहीं, व शत्रु तर त्याहून नाहीं.

ह्या बाबतींत टॉडमॉर्डन गांवच्या लोकांचें आम्हांस कौतुक वाटतें. दोन परगण्यांची हद्द ह्या गांवाच्या अगदीं मधून जात असे. १८७५ सालीं त्यांनीं नगरभवन बांधलें तें नेमकें त्या हद्दीवर. नाचाच्या दिवाणखान्यांत जोडपें एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे गेलें कीं परगणा बदलला. भवनाच्या दर्शनी भागावर त्यांनीं दोन स्त्रियांच्या मूर्ति बसविल्या: एक लँकाशायर, तिच्या बाजूला कापसाच्या धंद्याचीं चित्रें, दुसरी यॉर्कशायर, तिच्या बाजूला तिकडच्या उद्योगांचीं. पुढें १८८८ च्या कायद्यानंतर हद्द सरकली, व सबंध गांव यॉर्कशायरांत गेलें. दर्शनी भिंतीवरील लँकाशायरच्या बाईस कोणीं हालविलें नाहीं. ती आपल्या कापसासह तेथेंच आहे.